पुडिलकाकांचे एक्केचाळीस किलो

पुडिलकाकांना पहिली मुलगी झाली तेव्हा सुईण म्हणाली, साडेतीन किलोची आहे. काकांनी चार दिवसांच्या त्या मुलीला शालीत गुंडाळून पोस्टात नेलं, पार्सलांच्या काट्यावर ठेवलं, शाल वजा केली आणि परत येऊन सुईणीला सांगितलं की तीन किलो तीनशे ऐंशी. सुईण त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. पुढच्या दोन्ही बाळंतपणांना शेजारच्या गावाहून बाई आणावी लागली. अपोलेनाकाकूंनी मात्र त्याच दिवशी नवऱ्याला बजावलं, की या घरात काटा आला तर मी माहेरी गेले म्हणून समजा. त्यामुळे आमच्या लुझ्नोव्ह गावातला सगळ्यात नामांकित वजनदार, म्हणजे वजन करणारा, आयुष्यभर घरात काट्याशिवाय राहिला.

मी ओटिली व्रानोवा. तोफांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंगला होते. साहेब लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे आणि आम्ही सहा बायका त्यावर पारदर्शक कापड ताणून ते शाईने उतरवायचो. साहेबांना रात्री स्वप्न पडलं आणि त्यांनी एक भोक दोन मिलिमीटर डावीकडे सरकवलं, की सकाळी आम्ही सहाही जणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तोफांविषयी मला जे प्रेम आहे ते एवढंच.

काकांचं काटाघर फाटकापाशी होतं. समोर भुईकाटा, ज्यावर कोळशाची वाघीण मावायची, आणि आत लहानमोठे सात काटे. सगळ्यात लहान काट्यावर ते दुपारी जेवणाआधी आपलं सॉसेज तोलायचे. खाटकाने पाच ग्रॅम कमी दिलं असेल तर राग नाही, पण जास्त दिलं असेल तर संध्याकाळी परत न्यायचे. खाटकाने हात जोडून सांगून पाहिलं, की अहो खा ना. काका म्हणाले, खाल्लं असतं, पण आता कळलंय.

कारखान्यातली टवाळ मंडळी त्यांना सोडत नसत. कोणी विचारायचं, काका, माझ्या सासूचं तोंड किती किलोचं असेल? काका गंभीरपणे म्हणायचे, घेऊन या, बघू. एकदा एक जण खरंच सासूला घेऊन आला होता. त्या बाईंचं सत्त्याहत्तर भरलं आणि जावई आठवडाभर घरी जेवला नाही.

तर असा माणूस. एकतीस वर्षं नोकरी, नाताळला निवृत्ती. आणि निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना, एकोणीसशे तेहतीसच्या शरद ऋतूत, ती नवी तोफ आली.

लष्कराला तोफ अशी हवी होती, की जुनीपेक्षा चार किलोमीटर लांब मारेल, ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरमागे जाईल, नसेल तर घोड्यांना ओढता येईल, आणि वजन चार हजार दोनशे किलोच्या वर जाणार नाही. लांब मारायचं तर नळी लांब हवी, नळी लांब झाली की वजन वाढणार. म्हणजे मुलगी उंच पाहिजे, पण कपड्याला कापड जास्त लागता कामा नये. हे गणित सोडवायचं काम इंजिनिअर ल्होटाक यांच्याकडे होतं. साहेब हुशार होते, यात वाद नाही. स्वतःच्या बेरजेवर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी आमच्या पाद्र्याचीही देवावर नसेल.

सप्टेंबरात एकेक भाग तयार होऊन काकांकडे आला. नळी, ढाल, चाकं, आणि मागचे दोन लांब पाय, जे पसरून जमिनीत रोवायचे, पत्र्याचे आणि आतून पोकळ. काकांनी प्रत्येकाचं वजन वहीत लिहिलं. सगळी बेरीज चार हजार एकशे नव्वद. साहेबांच्या कागदावरही चार हजार एकशे नव्वदच. साहेबांनी त्या दिवशी आम्हा सहा जणींना केक खायला घातला. एवढ्या वर्षांत तो एकच केक, म्हणून लक्षात आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी जोडलेली तोफ भुईकाट्यावर आली. काकांनी आकडा वाचला. चार हजार दोनशे एकतीस.

साहेब म्हणाले, पुन्हा बघा. काकांनी पुन्हा पाहिलं. साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं, टोपी काढून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. एक्केचाळीस किलो कुठून तरी आले होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

साहेबांनी तोफ कुलूपबंद शेडमध्ये नेली आणि अंड्यावरच्या कोंबडीसारखे तिच्याजवळ ठाण मांडून बसले. ढालीच्या कडा कापल्या, पायरीला भोकं पाडली, कड्या बारीक केल्या. भोक पाडायचा भाग तेवढा काढून बाहेर यायचा, तोफेपाशी फिटरांना मज्जाव. तीन आठवडे आम्ही बोटं निळी होईपर्यंत नकाशे बदलले. बारा किलो गेले. तोफ परत काट्यावर आली, तर काटा बरोबर बाराच उतरला आणि चार हजार दोनशे एकोणीसवर थांबला.

आता कोणाही शहाण्या माणसाला वाटेल, की बारा काढले, बारा उतरले, म्हणजे काटा इमानदार आहे. साहेबांनी अर्थ काढला तो असा, की बेरीज आणि काटा यांच्यातला फरक एक्केचाळीसच राहतो, म्हणजे काट्याच्या पोटातच एक्केचाळीस किलोची खोट बसली आहे. त्यांनी सगळ्यांसमोर काकांना विचारलं, "पुडिल, सप्टेंबरातले आकडे तुमचेच, आणि हाही तुमचाच. यातला खोटा कोणता, तेवढं सांगा."

काका म्हणाले, "दोन्ही खरे आहेत, साहेब."

आजूबाजूचे हसले. मीही हसले, हे आज सांगायला लाज वाटते.

त्यानंतर काका सुकत चालले. शिक्क्याची वजनं ठेवून त्यांनी काटा तपासला, बरोबर. रेल्वेची मोजलेली वाघीण आणून तपासला, बरोबर. साहेब म्हणाले, वाघिणीला बरोबर असेल, तोफेला नाही. मग साहेबांनी प्रागला पत्र धाडलं, की वजनमापं खात्याचा माणूस पाठवा, भुईकाट्याचं सील तोडून आत काय बिघडलंय ते बघा. लष्कराची समिती नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणानंतरच्या मंगळवारी येणार होती आणि प्रागचा माणूस आदल्या दिवशी, सोमवारी. एकतीस वर्षांत ते सील कोणी तोडलं नव्हतं. निवृत्तीला सहा आठवडे असताना सगळ्या कारखान्यादेखत काटा उघडला जाणार, ही गोष्ट काकांच्या जिव्हारी लागली. काकूंनी मला बाजारात गाठून सांगितलं, की आमचा पुडिल खाटकाकडून येईल ते सॉसेज तसंच खातो आहे, तोलत नाही. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

शुक्रवारी साहेबांनी मला काटाघरात पाठवलं, सप्टेंबरातले आकडे उतरवून आणायला. प्रागच्या माणसाला दाखवायचे होते. तोफ शेवटच्या वजनासाठी काट्यावर आणलेली होती, पाय पसरून. जेवणाचा भोंगा झाला, साहेब नगराध्यक्षांकडे जेवायला गेले, आवार मोकळं झालं. काका बराच वेळ खिडकीतून तोफेकडे बघत होते. मग म्हणाले, "ओटिली, जरा ये माझ्याबरोबर. तुझ्या नकाशात डावा पाय आणि उजवा पाय सारखेच आहेत ना?"

मी म्हटलं, एकच नकाशा आहे, उलटा करून दोनदा छापतो.

आम्ही चाकांचा लहान काटा बाहेर ढकलला. काकांनी जॅक लावून उजव्या पायाचं टोक त्यावर टेकवलं. शहाण्णव. मग डाव्या पायाचं. एकशे चौतीस.

काकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तोफेशी बोलावं तसं म्हणाले, "अडतीस. म्हणजे तीन कमी. जे काय आहे ते अगदी टोकाला नाही, हातभर चाकाकडे सरकून बसलंय." त्यांनी पायाच्या टोकापासून हातभर मोजलं. तिथे आतल्या बाजूला दोऱ्या ठेवायच्या कप्प्याचं झाकण होतं, सहा स्क्रूंचं. ते उघडलं तर आत मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

आम्ही एकेक वस्तू बाहेर काढली. बिडाचा एक पाट, एक खांब, पितळेची लांब दांडी, आणि लाकडी पेटीत बसवलेली वजनं, अगदी पाच ग्रॅमपर्यंत. सुटा करून ठेवलेला नवाकोरा काटा होता तो. सगळ्यात खाली एक पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: सिरिल पुडिल. एकतीस वर्षं. एक ग्रॅमही नाही.

आमच्याकडे जुनी रीत आहे. माणूस निवृत्त होणार असला की त्याचे सोबती कारखान्यातल्या टाकाऊ मालातून चोरून त्याच्यासाठी काहीतरी बनवतात. भट्टीवाल्याला चूल, ड्रायव्हरला कुंपणाचं फाटक. वरचे लोक पूर्वी काणाडोळा करायचे. पण त्या वर्षी बाहेर काम मिळत नव्हतं आणि आत शिस्त वाढली होती. उन्हाळ्यात व्होन्द्रा नावाचा टर्नर घरासाठी सॉसेज भरायचं यंत्र बनवताना सापडला आणि त्याच दिवशी फाटकाबाहेर गेला. सप्टेंबरअखेर साहेबांनी फिटरांची कपाटं तपासायला काढली, तेव्हा घाबरून जोडणीखात्यातल्या नऊ फिटरांनी काकांची भेट डाव्या पायात कोंबली. पायाचं वजन आधीच झालं होतं. जोडलेल्या तोफेचं वजन सोमवारी ठरलं होतं, रविवारी काढून घेऊ असा बेत. साहेबांनी उत्साहाच्या भरात शनिवारीच क्रेन बोलावली. पुढचं सगळं मी सांगितलंच आहे. ज्या एका माणसापासून ती वस्तू लपवायची होती, नेमकी त्याच्याच काट्यावर ती पाच आठवड्यांत तीनदा चढली. एवढी अक्कल नऊ जणांनी मिळूनच लढवता येते.

काका पट्टी हातात धरून तोफेच्या पायावर बसले. आधी म्हणाले, पितळ चांगलं आहे. मग दांडीवर बोट फिरवून म्हणाले, ही कानस फोरमन रौबालच्या हातची आहे. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भेट बघून.

"काटा बरोबर होता," ते म्हणाले. "पाच आठवडे, ओटिली. बाकीच्यांचं सोड, मीच त्याच्यावर संशय घेतला."

तेवढ्यात हिनेक रौबाल धावत आला. जोडणीखात्याचा फोरमन, दांडगा माणूस, पण टोपी हातात चुरगळत होता. तो पाच आठवडे खिडकीतून तोफेवर डोळा ठेवून होता.

"काका, आम्ही सांगणार होतो हो. सोमवारी तो माणूस यायच्या आत. साहेबांकडे कोणी जायचं, त्याच्या चिठ्ठ्या टाकणार होतो उद्या."

"कुणाचं नाव येणार होतं?"

रौबाल खाली बघायला लागला. "माझंच. नऊही चिठ्ठ्यांवर मी माझंच नाव लिहिलंय."

"म्हणजे तूसुद्धा मापात पाप करतोस," काका म्हणाले. "पोरं किती तुला?"

"चार."

"तुझ्या हाताखालच्या आठांची धरून?"

रौबालने हिशेब केला नाही. काकांनीच बोटांवर केला. मग त्यांनी दांडी, खांब, पाट उचलून आत नेलं, पाच मिनिटांत जोडलं आणि आपल्या सात काट्यांच्या रांगेत शेवटी ठेवून दिलं. काटाघरात आठवा काटा कोणाच्या नजरेत येणार? पट्टी त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकली. झाकणाचे सहा स्क्रू रौबालने घट्ट केले. मग काका वही उघडून बसले आणि मी खांद्यावरून वाचलं: भुईकाटा एक्केचाळीस किलो जास्त दाखवत होता. चूक माझ्या लक्षात आली नाही. आज सील न तोडता बाहेरून दुरुस्त केला. पुडिल.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, हे खोटं आहे. पायात हत्यारं राहिली होती असं लिहा ना."

"एक्केचाळीस किलोची हत्यारं? ल्होटाक भांडारात जाऊन एकेक पाना मोजेल. तिथे काहीच कमी भरणार नाही, मग तो रौबालच्या लोकांना एकेक करून आत घेईल." त्यांनी वहीवर फुंकर घातली. "अक्षर बघ जरा. वाकडं गेलं नाही ना?"

"काका, तुमचं नाव जाईल," रौबाल म्हणाला.

"माझं नाव अजून सहा आठवडे लागणार आहे. तुझ्या पोरांना जेवण त्याहून जास्त दिवस लागणार. जा आता, भोंगा होईल."

साहेब जेवून आले, वही वाचली, तोफ काट्यावर पाहिली. चार हजार एकशे अठ्ठ्याहत्तर. हद्दीच्या बावीस किलो आत. त्यांच्या बेरजेबरहुकूम. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा चहा सांडावासा वाटला. पण मनाने ते कोते नव्हते. त्यांनी काकांचा खांदा थोपटला, वय होतं माणसाचं असं म्हणाले, प्रागला तार करून त्या माणसाला पाठवू नका असं कळवलं. सील तुटलं नाही. मंगळवारी समिती आली, वजन झालं, हिवाळ्यात मारा करून पाहिला, आणि वसंतात शेकड्यांनी तोफांची मागणी आली. रौबालसकट नऊच्या नऊ माणसांना जादा पाळ्या मिळाल्या. पाच वर्षांनी त्या तोफा आमच्याकडून एकदाही न डागता देशात घुसलेल्या दुसऱ्या सैन्याने ओढून नेल्या. त्याविषयी मी बोलत नाही, बोलले की मला झोप येत नाही.

नाताळच्या आदल्या आठवड्यात काकांचा निरोप समारंभ झाला. साहेबांनी भाषणात म्हटलं, माणसाचं वजन वयाबरोबर वाढतं हे ठाऊक होतं, पुडिल यांनी काट्याचंही वाढवून दाखवलं. लोक हसले. नऊ जण हसले नाहीत. ते भिंतीपाशी ओळीने उभे होते आणि बियरला कोणी हात लावला नव्हता. लुझ्नोव्हमध्ये नऊ फिटर बियरपुढे तसेच उभे आहेत हे दृश्य मी एकदाच पाहिलं. काका मात्र शांतपणे उठले आणि म्हणाले, आठवण म्हणून एक जुना काटा घरी न्यायची परवानगी मिळाली तर बरं होईल. साहेबांचं मन भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे गेटपासवर सही केली. पहारेकऱ्याने दार उघडून धरलं आणि रौबालने हातगाडी ढकलली. चोरून बनवलेली वस्तू खुद्द साहेबांच्या सहीने बाहेर गेली, असं आमच्याकडे तेवढं एकदाच झालं.

काट्याला घरात बंदी होतीच. काकूंनी शपथ मोडली नाही. काटा बागांच्या वसाहतीत, काकांच्या झोपडीत बसला. तिथे आमच्या सगळ्यांच्या चिंचोळ्या बागा आहेत, कोबी आणि ससे. हळूहळू सगळी वसाहत ससे तोलायला काकांकडे यायला लागली. सशाला कान धरून काट्यावर ठेवायचं, तो स्थिर होईपर्यंत काका त्याच्याशी बोलायचे. ज्यांनी त्यांना म्हातारा चुकला म्हणून हिणवलं होतं, तेसुद्धा ससा घेऊन यायचे आणि आकडा ऐकून मुकाट्याने जायचे.

पट्टी माझ्याकडेच राहिली होती. मी दोनदा नेऊन दिली, दोनदा त्यांनी परत केली. काट्याच्या खांबावर तिच्यासाठी दोन भोकं रिकामीच होती. शेवटी मी चिडून विचारलं, की नऊ जणांनी जीव धोक्यात घालून केलेली वस्तू, लावायला काय होतं तुम्हाला?

"त्यावर लिहिलंय, एक ग्रॅमही नाही," काका म्हणाले. "आता ते खरं नाही. एकदा एक्केचाळीस किलोंचं झालं. खोटी पट्टी काट्यावर लावू?"

मी पट्टी घेऊन तडक रौबालच्या घरी गेले आणि त्याला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने पट्टी ठेवून घेतली.

पुढच्या रविवारी मी माझा करडा ससा घेऊन काकांकडे गेले, तेव्हा रौबाल आणि बाकीचे आठ जण झोपडीबाहेर उभे होते. रौबालने पट्टी काकांच्या हातात दिली. जुन्या ओळींखाली आणखी एक ओळ कोरली होती. सिरिल पुडिल. एकतीस वर्षं. एक ग्रॅमही नाही. फक्त एकदा एक्केचाळीस किलो, आमच्यापायी.

काकांनी ती दोनदा वाचली. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पट्टी खांबावर लावली, दोन्ही स्क्रू घट्ट केले आणि म्हणाले, आता बरोबर आहे. मग माझा ससा मागितला. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, आणि किती भरला ते सांगायचं विसरून माझ्या हातात परत दिला.